तुझी पोस्ट मला काढता येत नाही

मिलिंद,

आधी भांडण, बाकीचं नंतर. तुला जाऊन आठवडा झाला नव्हता आणि तू पोस्ट टाकलीस. तुझ्या नावाने, त्या चष्मा लावलेल्या घुबडाच्या फोटोसकट. मी इंदूरच्या भंवरकुआं भागातला क्लास आटोपून खाली आले होते, स्कूटीला चावी लावत होते, तेवढ्यात फोन वाजला. ‘झेरॉक्स’मध्ये मिलिंद भियाची नवी पोस्ट. एक क्षण खरंच वाटलं की सगळी अफवा होती, तू महूच्या घरी आरामात पाय पसरून बसला आहेस आणि नेहमीसारखी कुणाची तरी पोस्ट काढून वर ज्ञान पाजळतो आहेस. मग मी पोस्ट उघडली. आत लिंक होती. आणि वर एकच ओळ: ‘हे सगळं त्याचं होतं, आता तुमचं.’

तेव्हा कळलं की हे तू नाहीस. तुझ्या हातून लिंक पडणं शक्यच नव्हतं. तुझा फोन वर्षाकडे होता, तुझ्या बायकोकडे.

तू जरा गप बस आता, हे वाचणाऱ्या बाकीच्यांना सांगू दे. ‘ओटला’ ही मिलिंदची जागा. इंटरनेटवर लोकांनी येऊन बोलायची, पण कुठल्या बड्या कंपनीची नव्हे. त्याने स्वतः सर्व्हर भाड्याने घेतला, त्यावर फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चढवलं आणि दार उघडं ठेवलं. अशा जागा जगभर आहेत आणि एकमेकींशी जोडलेल्या आहेत. आपल्या गल्लीत कसे ज्याचे त्याचे ओटले असतात, पण याच्यावर बसून त्याच्यावरच्याशी गप्पा मारता येतात, तसंच. त्या ओटल्यावर वेगवेगळे कट्टे. सगळ्यात गजबजलेला कट्टा ‘झेरॉक्स’. तिथे पायरसीवर बोलायचं. पैसे देऊन घेतलेला सिनेमा कंपनीने काढून कसा घेतला, कुठलं पुस्तक वर्षानुवर्षं छापलंच नाही, लोक मग काय करतात, ते बरोबर की चूक. बोलायचं काहीही. लिंक मात्र टाकायची नाही. मिलिंद मालक, सगळ्यांचा ‘भिया’ म्हणजे भाऊ, आणि पहिला मॉडरेटर, मी दुसरी. मॉडरेटर म्हणजे झाडूवाला आणि हवालदार एकाच पगारात, आणि तो पगार शून्य.

सांगून झालं. आता पुन्हा तू.

लिंक नाही, हा तिसरा नियम तुझा. मला तो कधीच पटला नाही आणि आजही पटत नाही, हे आधी लिहून ठेवते. मी क्लासमध्ये इतिहास शिकवते. माझ्या नोट्स खाली झेरॉक्सवाल्याकडे दोरीला लटकलेल्या असतात, माझं नाव खोडून. देपालपुरहून, कुठून कुठून पोरं येतात, हॉस्टेलच्या खोलीत चौघं राहतात, त्यांनी काय जाडजूड पुस्तकं विकत घ्यायची? घेऊ दे की माझ्या नोट्स. मी तुला हे म्हटलं की तू म्हणायचास, “तुझ्या नोट्स तू वाट ना भई, कोण अडवतंय? दुसऱ्याचं कशाला वाटतेस?” आणि मी चिडून काही लिहीपर्यंत तुझं पुढचं यायचं, “अरे यार नीलू, समज ना. मतलब एकाला सोडलं तर उद्या सगळे लाइन लावतील, आणि मशीन माझ्या नावावर आहे.”

मशीन तुझ्या नावावर होतं हे खरं. सुरुवातीला कुणीतरी सिनेमाची लिंक टाकली होती, सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे तक्रार गेली आणि ओटला बंद पडता पडता वाचला. तू ऑफिसातून सुट्टी काढून त्यांना उत्तरं लिहीत बसलास. त्यानंतर तू जो कडक झालास तो झालासच. लिंक दिसली की पोस्ट गेली. आणि काढायची तर नाव लावून, कारण लिहून, सगळ्यांना दिसेल अशी. “तोंड लपवून काढायला आपण चोर आहोत का?” हे तू विचारायचास, त्या कट्ट्यावर!

म्हणून तू माझ्या बाबांचंही काढलंस. नाव लावून.

हे मी विसरलेली नाही आणि तू मेलास म्हणून विसरणारही नाही. बाबांनी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं आणि एकच पुस्तक लिहिलं. इंदूरच्या मराठी घरांतली बोली, तिच्यात मिसळलेली हिंदी, मालवी, बायकांच्या तोंडच्या म्हणी. बारीकसं पुस्तक. प्रकाशक बुडाला, त्याची पोरं आपसात कोर्टात गेली, पुस्तक कुठेच मिळेना. बाबा गेल्यावर मी घरातल्या एकुलत्या एका प्रतीची पानं स्वतः स्कॅन केली आणि लिंक टाकली. जेवून येते तो पोस्ट गायब. ‘नियम तीन. हक्क कोणाचे, ठाऊक नाही. मिलिंद.’

मी फोन केला. आपण फोनवर फारसं बोलायचो नाही, पण तेव्हा केला.

“माझा बाप आहे तो!” मी ओरडले.

“बाप तुझा. पुस्तक प्रकाशकाचं. करार दाखव, मी स्वतः ठेवतो परत.”

“करार कुठून आणू? तो रद्दीत गेला असेल!”

“मग मी काय करू, बता?”

काही करू नकोस, असं म्हणून मी फोन आपटला. त्यानंतर आपण रोज बोललो, रोज शेजारी शेजारी झाडू मारला, पण त्या गोष्टीवर पुन्हा चकार शब्द नाही. मला वाटायचं, कधीतरी तू काढशील विषय. चुकलं म्हणणार नाहीस, तुझी ती जात नव्हती, पण निदान पुस्तक वाचलं असं तरी म्हणशील. काढण्याआधी वाचलंस का रे? एवढंच मला हवं होतं आणि तेही तू दिलं नाहीस.

आणि हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर मी खोटी ठरेन. बाबा दवाखान्यात होते तेव्हा तू माझ्या वाटणीचा सगळा कट्टा सांभाळलास. न मागता. सहानुभूतीचा एक शब्द लिहिला नाहीस, रोज संध्याकाळी फक्त ‘आजचे महामूर्ख’ असं शीर्षक देऊन त्या दिवशी कोण काय बरळलं ते पाठवायचास. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून हसले आहे रे. बाजूच्या बाया बघायच्या, हिचा बाप आत मरतोय आणि ही खिदळतेय. त्या दिवसांत मला बोलावसं वाटायचं असं तू एकच माणूस होतास. तुला हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू ‘नोटेड’ असं लिहिलं असतंस.

असो. तुझी पोस्ट.

मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते मी यावेळी डोळ्यांनी पाहिलं. जे तुला महिन्यातून दोनदा हिटलर म्हणायचे, ते सगळे रडायला हजर. ‘भिया, जाते-जाते भी दे गए.’ ‘असा दिलदार माणूस होणे नाही.’ दिलदार! तू! आणि रडता रडता एका हाताने डाउनलोड चालू. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं दुसरं काय असतं? मीही ते फोल्डर उघडलं, का खोटं बोलू. तू स्कॅन करतोस हे ठाऊक होतं, दाखवलं कधीच नव्हतंस. जुनी पुस्तकं, मासिकं, बंद पडलेल्या दिवाळी अंकांचे ढीग, एकेक पान सरळ करून स्कॅन केलेलं. मी बाबांचं नाव घालून शोधलं. मग पुस्तकाचं. मग एकेक फाइल उघडून बघितली, कदाचित तू नाव वेगळं दिलं असशील म्हणून.

नव्हतं. जगाची पुस्तकं ठेवलीस आणि माझ्या बापाचं ठेवलं नाहीस. बरं केलंस, मला तुझ्यावर नीट रागवता आलं.

पोस्ट काढायला गेले तर निघेना. आपल्या सॉफ्टवेअरचा कायदा आहे, जो वर बसलाय त्याची पोस्ट खालच्याला काढता येत नाही. तू पहिला, मी दुसरी. मी बटण दाबतेय आणि ते मला सांगतंय की तुम्हाला हा अधिकार नाही. मेलास तरी तू वरच! आणि ओटल्याच्या किल्ल्या? कुणाकडेच नाहीत. ‘पासवर्ड कुणाला देऊ नका, आईलासुद्धा नाही’ म्हणून जगाला प्रवचन देणारा तू, खरोखरच कुणाला दिला नाहीस. मी कितीदा म्हटलं, एखादी किल्ली मला दे, उद्या तुला काही झालं तर? “मला काय होतंय,” म्हणालास. शहाणाच तू. आपल्यासारख्यांनाच हा रोग असतो, सगळ्यांच्या कुलपांची काळजी करायची आणि आपलं दार आतून बंद करून निघून जायचं.

मला राहून राहून ‘मेल्या’ असं म्हणावंसं वाटतं. आयुष्यभर तुला तेच म्हटलं. आता म्हणता येत नाही.

तर मी महूला गेले. तुझ्या घरी पहिल्यांदा. पुण्यानुमोदनाची प्रार्थना आदल्या दिवशी झाली होती, पांढऱ्या सतरंज्या अजून उचललेल्या नव्हत्या. तुझे बाबा खुर्चीत ताठ बसले होते, फौजेतल्या माणसासारखे, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “बेटा, आत जा.”

वर्षा स्वयंपाकघरात होती. मला बघून तिने गॅस बंद केला.

“तुम्हीच त्या नीलिमा? सारखं टिंग टिंग वाजायचं, त्या?”

“हो जी. मीच.”

“बसा. चहा घ्या.”

चहा होईपर्यंत तीच बोलत राहिली. “डिस्कवर सापडलं सगळं. संडेला संडे म्हणाला नाही तो, स्कॅन करत बसायचा. मी म्हटलं, एवढं केलंय तर लोकांपर्यंत पोचू दे. त्याच्या फोनचा पॅटर्न मला माहीत होता. उघडला तर हेच समोर होतं, तिथेच टाकलं. चांगलं केलं ना?”

काय सांगणार होते मी? तिचे डोळे सुजलेले, घरात पाहुणे, आणि मी कट्ट्याचा नियम घेऊन आलेली. तरी सांगितलं.

“वर्षाजी, ती पोस्ट काढावी लागेल.”

“का?”

“तो लिंक ठेवू द्यायचा नाही. कुणालाच.”

“मग स्कॅन कशाला केली?” तिने विचारलं. “कुणाला द्यायची नव्हती तर एवढी मरमर कशाला केली, सांगा ना तुम्ही. तुम्हाला तर सगळं माहीत असेल.”

मला माहीत नव्हतं. मी विचारलं होतं तुला, एकदा नाही, पुष्कळदा. तू दर वेळी ‘कुणीतरी ठेवली पाहिजेत’ म्हणून पुढच्या तक्रारीकडे वळायचास. मी वर्षाला तेवढंच सांगितलं. ती तुच्छतेने हसली.

“आणि त्याने स्वतःची पोस्ट काढली असती?”

“हो.”

“तुम्हाला काय माहीत हो त्याचं?”

“माझ्या वडिलांचं पुस्तक काढलं होतं त्याने. ते जाऊन महिना झाला नव्हता.”

मग तिने फोन माझ्यासमोर सरकवला. मी मेल उघडला. शोकसंदेश, बँकेची जाहिरात, त्याखाली सर्व्हरवाल्या कंपनीचे दोन मेल. तक्रार आली होती. दुसऱ्यावर फायनल नोटीस असं लिहिलेलं. लिंक लगेच काढली नाही तर मशीन बंद करणार होते. मी तिला वाचून दाखवलं.

“मशीन बंद म्हणजे काय?”

“म्हणजे ओटला गेला. त्याने तिथे इतकी वर्षं जे लिहिलं ते सगळं गेलं.”

“तो लिहायचा?” वर्षाने विचारलं. “काय लिहायचा? मला वाटायचं ऑफिसचं काम करतो. मी कधी विचारलं पण नाही. कंप्यूटरवर बसला की मी तिकडे जायचेच नाही.”

मिलिंद, मला तिथे तुझा जो राग आला तो आधीच्या सगळ्या रागांहून मोठा होता. अनोळखी लोकांशी तू तासन्‌तास वाद घातलास, भांडलास, चुटके सांगितलेस, आणि ही बाई भिंतीपलीकडे बसून समजत होती की तू ऑफिसचं काम करतोयस. एकदा स्क्रीन वळवून दाखवायची होतीस. तुझं तिच्याजवळ आता काय उरलं होतं? ते मशीन, आणि तेही बंद व्हायला आलेलं.

“माझ्या हाताने नाही होणार,” ती म्हणाली. “तुम्ही काढा. पण त्याच्या नावाने नाही.”

“त्याच्या नावाने काढलं तर बरं पडेल वर्षाजी. कुणी काही बोलणार नाही. भियाने टाकली, भियानेच काढली.”

“मेलेल्या माणसाच्या हाताने कामं करून घेऊ नका.”

सुरुवात तुम्हीच केलीत, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. कारण ती म्हणत होती ते बरोबर होतं, आणि ते तुझंच म्हणणं होतं. तिला ते ठाऊकही नव्हतं.

तुझ्या फोनवरून मी मला मालक केलं. दोन बटणं दाबली, संपलं. एवढंसं काम होतं ते, तू जिवंतपणी करायला हवं होतंस! मग माझ्या फोनवरून तुझी पोस्ट काढली. कारण लिहिलं: ‘नियम तीन. लिंक. नीलिमा.’ कंपनीला उत्तर पाठवलं. वर्षाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कप उचलून ती मोरीकडे गेली.

निघताना तुझे बाबा म्हणाले, “काम झालं?” मी हो म्हटलं.

मग जो शिमगा झाला तो काय सांगू! ‘भिया की राख ठंडी नहीं हुई और मॅडम ने सफाई शुरू कर दी.’ ‘कुर्सी चाहिए थी, मिल गई.’ एकाने तर मला थेट चेटकीण म्हटलं, तेही शुद्ध मराठीत, म्हणजे आपल्यातलाच कुणी. मी कुणाला खुलासा दिला नाही. काय देणार? की बाबांनो, हा नियम मला स्वतःलाही मान्य नाही? की मी तुमच्याच बाजूची होते? तू असतास तर मी तुझ्याविरुद्ध याहून कडवट लिहिलं असतं. आता मी तुझ्या जागी बसून तुझी बाजू सांभाळते आहे, आणि तू तिकडे ऐटीत झोपलायस. हा अन्याय आहे.

मालक झाल्यावर काढलेल्या पोस्टही दिसतात. बाबांची दिसली. शेजारी बटण आहे, परत ठेवा. माझं बोट तिथवर गेलं, खोटं कशाला बोलू. विचारणारं कुणी नव्हतं. मग वर्षाचा चेहरा आठवला. तिच्या नवऱ्याचं काढायचं आणि माझ्या बापाचं ठेवायचं? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं? नाही ठेवलं. प्रकाशकाच्या पोरांचा पत्ता शोधते आहे. त्यांच्यापैकी कुणी सही दिली तर ठेवीन. नाही दिली तर बाबा राहतील तसेच, आणि मी तुला शिव्या देत राहीन.

ओटला चालू आहे. ते तुला कळायला हवं म्हणून लिहिते, बाकी माझी तुझ्याशी काही गोडी नाही.

काल संध्याकाळी क्लास सुटल्यावर पाहिलं तर ‘झेरॉक्स’मध्ये एक नवं खातं होतं. फोटो नाही, नाव वर्षा. लिहिलं होतं: ‘मी मिलिंदची बायको. त्याच्या नावाने ती शेवटची पोस्ट मी टाकली होती. ती जिने काढली ती बाई माझ्या घरी बसून चहा पिऊन गेली. मला तिचा राग आहे आणि तो जाणार नाही. आता मला कुणीतरी सांगा, तो इथे काय बोलायचा?’

खाली लोक सांगायला लागले होते. एकाने लिहिलं, भियाने मला तीनदा हाकललं, तिन्ही वेळा बरोबर होता. एकीने लिहिलं, माझ्या परीक्षेच्या आधी त्याने मला सबंध दुपार धीर दिला, शेवटी म्हणाला, आता फोन ठेव आणि अभ्यास कर. कुणी तुझे जुने टोमणे शोधून आणून चिकटवत होतं. वर्षा प्रत्येकाला विचारत होती, मग? मग काय म्हणाला?

माझ्याकडे तक्रारी आल्या. मॉडरेटरचा अपमान झालाय, ही पोस्ट काढा, म्हणून. मी ती पुन्हा वाचली, नियम लावून, जशी तू वाचली असतीस तशी. लिंक नाही. शिवी नाही. खोटं काही नाही.

ठेवली.